उघडी ऑर्डर कुणाची

आमच्या चार माणसांच्या ऑफिसात तीन आठवडे एकाच गोष्टीवरून भांडण चालू होतं, आणि ती गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितली असती तर तो हसला असता. वेब ॲपच्या स्क्रीनला या क्षणी जे जे माहीत असतं, म्हणजे कुठली ऑर्डर उघडी आहे, कुठली संपली, कोण कशावर काम करतंय, ते सगळं ठेवायचं कुठे? या कामासाठी तयार लायब्रऱ्या मिळतात. दुसऱ्या कुणीतरी डोकेफोड करून लिहून ठेवलेला कोड असतो तो. आपण तो घ्यायचा आणि त्यावर आपलं बांधकाम करायचं. अशा लायब्रऱ्या पैशाला पासरी आहेत, पण काटछाट करून आमच्या यादीत दोनच उरल्या होत्या.

पहिली माझी. तिच्यात एकच मोठं कोठार असतं आणि सगळी माहिती त्यातच ठेवायची. कुणाला काही बदलायचं असेल तर कोठाराच्या दारात चिठ्ठी द्यायची, अमुक करा म्हणून. कोठार चिठ्ठीची नोंद करतं, बदल करतं आणि सगळ्या स्क्रीनना कळवतं. दुसरी शंकासुरची. तिच्यात कोठार नाही, सुटे डबे. स्क्रीनच्या ज्या भागाला जे लागतं ते त्यानं आपल्या डब्यात ठेवावं आणि वाटलं तर शेजाऱ्याला द्यावं. चिठ्ठ्या नाहीत, नोंदी नाहीत, कोडही निम्म्यानं कमी.

शंकासुर ही माझी सहकारी. तिचं हे नाव मीच ठेवलं आणि ते तिला आवडतं असा माझा समज आहे. तिला काहीही सांगा, ती "का?" म्हणते. घड्याळात किती वाजले ते सांगितलं तरी एकदा "का?" म्हणून बघेल. मी तिच्या अगदी उलट. मला पसारा खपत नाही. घरात सगळ्या किल्ल्या एका खुंटीवर, सगळी औषधं एका डब्यात, सगळ्यांच्या वाढदिवसांची एक वही. बायको म्हणते, लग्नाआधी माझीही तू नोंद करून ठेवली असशील. ठेवली होती, पण मी ते कबूल करत नाही.

ॲप होतं एका चष्म्याच्या कारखान्याचं. कारखाना म्हणजे एका मजल्यावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. दुकानांतून काचांच्या ऑर्डरी येतात, इथे त्या काचा फ्रेमच्या आकारात कापतात, तपासतात आणि परत पाठवतात. चार वर्षांपूर्वी ते ॲप मी एकट्यानं लिहिलं होतं, अर्थात कोठारवाल्या लायब्ररीवर. आता ते नव्यानं लिहायचं होतं, आणि जी लायब्ररी निवडू तिच्याशी पुढची पाच वर्षं तरी संसार करावा लागणार होता. म्हणून भांडण.

हे काम आमच्याकडे आलं ते माझ्या आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, वय अठ्ठावन्न. एकतीस वर्षं ती त्या कारखान्यात काचा कापते. बोलायला फटकळ, हाताला अचूक. वर्षाकाठी तिच्या हातून एखादी काच वाया गेली तरी ती दोन दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

त्या आत्याच्या हातून सात आठवड्यांत पाच काचा चुकल्या होत्या.

हे मला तिनं सांगितलं नाही, मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं. नव्या ॲपच्या तारखा विचारायला फोन केला होता, जाता जाता त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्यांना एक तारखेपासून पॅकिंगला घेतेय. वाईट वाटून घेऊ नका, मान ठेवूनच करणार आहे. पण काय आहे, एक चूक झाली की त्या गडबडतात आणि लगेच दुसरी होते. दोनदा झालं असं."

मी आत्याच्या घरी गेलो. ती भाजी निवडत बसली होती. मी आडवळणानं सुरुवात केली तर म्हणाली, "कळलंय ना तुला? मग सरळ बोल." आणि मग स्वतःच बोलली, मान वर न करता. "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी आकडे गेले, मग नावं."

आजीचं शेवटच्या सहा वर्षांचं आजारपण आत्यानंच काढलं होतं. शेवटी शेवटी आजी तिला "तुम्ही कोण?" विचारायची आणि आत्या न चिडता स्वतःची ओळख करून द्यायची, दिवसातून आठ-आठ वेळा. त्यामुळे तिला काय वाटत होतं ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिच्या फ्रीजवर चिठ्ठ्या दिसल्या: गॅस, खिडकी, दुपारची गोळी. दोन महिन्यांपूर्वी तिथे एकही चिठ्ठी नव्हती.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"पुढच्या आठवड्यात जाणार आहे. ते सांगतील ते ऐकायची तयारी करतेय," ती म्हणाली. "काम सोडायला नाही सांगितलं हेच खूप झालं. पॅकिंगला आकडे नसतात."

मी घरी आलो तो सुन्न होऊन आलो. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर लायब्रऱ्यांवरून भांडायला लागलोच. माणूस असाच असतो, किंवा निदान मी तरी असाच आहे.

"आपण इथे बसून हवेत गोळीबार करतोय," शंकासुर म्हणाली. "ते लोक काम कसं करतात हे तू शेवटचं कधी बघितलंस?"

"चार वर्षांपूर्वी."

"मग चल. एक दिवस नुसतं बसून बघू. स्क्रीनवरची एकेक गोष्ट घ्यायची आणि विचारायचं, ही कुणाची? सगळ्यांची असेल तर तुझ्या कोठारात, एकट्याची असेल तर माझ्या डब्यात. ज्याच्याकडे जास्त जमतील त्याची लायब्ररी."

मला हा खेळ आवडला, कारण मी जिंकणार याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी आत्यासाठी गेलो नव्हतो. मी शंकासुरला तोंडावर पाडायला गेलो होतो.

सकाळी साडेआठला आम्ही कारखान्यात पोचलो. मधल्या खोलीत तीन टेबलं, प्रत्येकावर काच कापायचं यंत्र आणि शेजारी लोखंडी दांड्यावर टॅब्लेट. खिडकीजवळचं टेबल आत्याचं. आतल्या खोलीत तपासनीस बसतो. चाळिशीचा, शांत, लांब बोटांचा माणूस. बाहेरच्या खोलीत पॅकिंग आणि मालकीणबाईंचं टेबल. पाण्याची बारीक धार आणि काच घासल्याचा आवाज सगळीकडे सारखा येत होता.

आत्याच्या मागे दोन स्टुलं टाकून आम्ही बसलो. तिला ते फारसं रुचलं नाही. "परीक्षा घ्यायला आलात का?" तिनं विचारलं.

"आमचीच परीक्षा आहे," शंकासुर म्हणाली. "तुम्ही काय करता ते आम्हाला सांगाल का? अगदी पहिल्यापासून, मला काहीच माहीत नाही असं समजून."

आत्याला एवढंच हवं होतं. तिनं एक निळा ट्रे ओढला. त्यात फ्रेम आणि दोन कोऱ्या गोल काचा होत्या. "हा ट्रेचा कोड. हा टॅब्लेटला दाखवायचा की ऑर्डर उघडते. आता हा आकडा बघ, मोठा. हा अंश. ज्यांना तिरका नंबर असतो त्यांची काच वाटेल तशी बसवून चालत नाही. बरोब्बर एवढ्या अंशात फिरवून बसवायला लागते, नाहीतर माणसाला सरळ दार वाकडं दिसतं. मग मी इथे वळते." ती उजवीकडे वळली. तिकडे एक छोटं भिंगाचं उपकरण होतं, गोल तबकडीवर अंश कोरलेले. "इथे काच ठेवायची, तबकडी त्या अंशावर आणायची. मग परत स्क्रीनकडे बघायचं, आकडा तोच ना? आणि मगच ही पकडीची चकती चिकटवायची. चकती बसली की बसली. पुढे यंत्र कापतं, त्याला डोकं नाही."

"दोनदा बघता तुम्ही," शंकासुर म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून. माझ्या गुरूनं लावलेली सवय आहे. तेव्हा स्क्रीन नव्हता, कागद होता."

"बाकीचे?"

"बाकीचे एकदाच बघतात. तरुण आहेत, लक्षात राहतं त्यांच्या."

शंकासुरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि मग तिच्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "आणि समजा, दुसऱ्यांदा बघितल्यावर आकडा जुळला नाही तर?"

हातातली काच आत्यानं मऊ फडक्यानं पुसली, खरं तर ती स्वच्छच होती. "तर स्क्रीनवर असेल ते खरं," ती म्हणाली.

"आणि आधी बघितलेलं?"

"ते माझं डोकं."

ती कामाला लागली. आम्ही वही मधे धरून कुजबुजत आमचा खेळ सुरू केला. ऑर्डरींची यादी कुणाची? सगळ्यांची, कोठार. कुठली ऑर्डर कापून झाली? सगळ्यांची, कोठार. यंत्र बंद पडल्याची खूण? तीही कोठार. मी तीन शून्यानं पुढे होतो आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

"आत्ता उघडी असलेली ऑर्डर?" शंकासुरनं विचारलं. "आत्यांच्या समोर जी उघडी आहे ती. ही कुणाची?"

"कोठारात आहे."

"कुठे आहे ते नाही विचारलं. कुणाची आहे?"

"आत्याची."

"मग कोठारात का?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता. ॲप चालू झालं त्या पहिल्याच आठवड्यात आत्यानं तक्रार केली होती की टॅब्लेट झोपतो, आणि जागा केला की ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून शोधावी लागते. म्हणून मी उघडी ऑर्डर कोठारात ठेवली, तिच्या नावाखाली. टॅब्लेट झोपो, बंद पडो, बदलला जावो, ती आपल्या नावानं आत आली की जिथे होती तिथेच. "आत्यासाठी म्हणून केलेली सोय आहे ती," मी म्हणालो.

"म्हणजे ती ऑर्डर माणसाच्या नावाला बांधलेली आहे, टेबलाला नाही."

"एकच झालं ना. माणूस टेबलावरच बसतो."

शंकासुरनं नाकावर पेन आपटत "हं" केलं. तिचं "हं" मला कधीच चांगलं वाटत नाही.

साडेअकराच्या सुमाराला आतल्या खोलीतून तपासनीस चहा प्यायला बाहेर आला, तेव्हा शंकासुरनं त्यालाही पकडलं. त्याचं काम वेगळं होतं. कापलेली काच तो तपासणीच्या यंत्रावर ठेवतो, यंत्र ऑर्डरशी ताडून हिरवा दिवा लावतं. लाल लागला तरच तो टॅब्लेटवर ती ऑर्डर उघडून बघतो, काय बिघडलं म्हणून. दिवसातून चार-पाच वेळा.

"टॅब्लेट आधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"छे, दोनच महिने झाले. आधी मी मालकीणबाईंच्या कॉम्प्युटरवर जाऊन बघायचो. फार ये-जा व्हायची."

तो आत गेला. मी आत्याच्या हातांकडे बघत बसलो होतो. तिनं नवा ट्रे घेतला, कोड दाखवला, ऑर्डर उघडली. डाव्या काचेचा अंश पंचाहत्तर. तिनं ओठातल्या ओठात "पंचाहत्तर" म्हटलेलं मी ऐकलं. ती उपकरणाकडे वळली. तिची पाठ स्क्रीनकडे आणि माझं तोंड स्क्रीनकडे होतं.

आत कुठेतरी एक बारीक बीप वाजला. तिकडे लाल दिवा लागला होता. चार-पाच सेकंद गेले असतील, आणि आत्याच्या स्क्रीनवरचा पंचाहत्तर गेला आणि तिथे एकशेपाच आला.

काही चमकलं नाही की आवाज आला नाही. तोच स्क्रीन, तोच रंग, तेवढाच मोठा आकडा. वरच्या कोपऱ्यातला ऑर्डरचा नंबरही बदलला होता, पण तो मी चार वर्षांपूर्वी बारीक अक्षरात ठेवला होता. ट्रेचा कोड आपणच दाखवल्यावर तो नंबर कोण कशाला वाचेल?

आत्या वळली आणि तिनं दुसऱ्यांदा बघितलं. तिचा चेहरा मी जवळून बघत होतो. तिथे आश्चर्य नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. फक्त ओठ थोडे आवळले गेले, पुन्हा तेच झालं असं समजून चुकल्यासारखे. तिनं निमूटपणे तबकडी पंचाहत्तरवरून एकशेपाचवर नेली आणि चकती उचलली.

मी तिचं मनगट धरलं. "थांब आत्या."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "परत चुकले का?"

शंकासुर उठली आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन तिनं तपासनिसाला विचारलं, "तुम्ही आत्ता एक ऑर्डर उघडलीत ना? कितीचा अंश आहे?"

"एकशेपाच," आतून आवाज आला.

"आणि टॅब्लेटवर नाव कुणाचं आहे, तुमचं?"

"नाही, खिडकीजवळच्या बाईंचंच. माझं नाव अजून घातलंच नाही कुणी. तुमच्या साहेबांनीच फोनवर सांगितलं होतं, तात्पुरतं बाईंच्या नावानं उघडा."

सांगितलं होतं, मीच. दोन महिन्यांपूर्वी मी दुसऱ्या कामाच्या गडबडीत होतो, नवं नाव घालायला पाच मिनिटं लागली असती आणि ती पाच मिनिटं मला काढायची नव्हती. एका नावानं दोन टॅब्लेट उघडले, कोठारानं प्रामाणिकपणे दोन्हीकडे एकच उघडी ऑर्डर दाखवली. माझं कोठार अगदी जसं लिहिलं होतं तसंच चालत होतं.

पण मला एवढ्यावर थांबायचं नव्हतं. एकदा घडलेलं बघितलं म्हणजे पाचही वेळा तेच घडलं असं होत नाही, आणि आत्याला अर्धवट दिलासा देऊन चालणार नव्हतं. मी मालकीणबाईंकडे वाया गेलेल्या काचांची वही मागितली. तारीख, वेळ, टेबल, सगळं त्यात होतं. पॅकिंगच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कोठाराच्या चिठ्ठ्यांची नोंद काढली. प्रत्येक चिठ्ठी तिथे होती: किती वाजता, कुठल्या टॅब्लेटवरून, काय.

शंकासुर वहीतली वेळ वाचत होती, मी नोंदीत शोधत होतो. पहिली चूक. खिडकीजवळच्या टॅब्लेटवरून ऑर्डर उघडली, अंश वीस. चाळीस सेकंदांनी तपासणीच्या टॅब्लेटवरून दुसरी उघडली, अंश एकशेसाठ. काच कापली गेली एकशेसाठला. दुसरी चूक, त्याच दिवशी अकरा मिनिटांनी. पहिल्या चुकलेल्या काचेवर लाल दिवा लागला, तपासनिसानं ती बघायला ऑर्डर उघडली, आणि त्या उघडण्यानंच आत्याची पुढची काच बिघडवली. तिसरी आणि चौथी अशीच जोडीनं. पाचवी दुसऱ्याच कुणाच्या ओरखडा पडलेल्या काचेमुळे.

"एक चूक झाली की गडबडतात म्हणे," शंकासुर पुटपुटली.

पाचपैकी पाच. बाकीच्या दोघांचं असं कधी झालं नाही, कारण तपासनिसाच्या टॅब्लेटवर त्यांची नावं नव्हती. आणि आत्याचंही झालं नसतं, जर ती त्यांच्यासारखी एकदाच बघणारी असती. दुसऱ्यांदा बघायची तिची सवय होती म्हणूनच ती यात अडकली.

"माझ्या सुट्या डब्यांत हे सापडलंच नसतं," शंकासुर म्हणाली. तिच्या तोंडून अशी कबुली मी पहिल्यांदा ऐकत होतो. "नोंदच नाही, तर सापडणार कुठून."

"तुझ्या डब्यांत हे घडलंच नसतं," मी म्हणालो.

मग तिनं आमच्या खेळाचं पान काढलं, "उघडी ऑर्डर" पुढे लिहिलं, "ज्याच्या समोर उघडी आहे त्याची, आणि त्या टेबलाची", आणि खाली एक रेघ मारली. लायब्ररी तिथेच ठरली. माझी घ्यायची, चिठ्ठ्यांसकट, पण कोठारात जाईल ती फक्त सगळ्यांची गोष्ट. ज्याच्या हातात जे आहे ते त्याच्या टेबलावरच राहील, तिच्या पद्धतीनं. तीन आठवड्यांचं भांडण दोन मिनिटांत मिटलं आणि त्याचं आम्हा दोघांनाही काही वाटलं नाही.

कारण मी अजून त्या पहिल्या चुकीच्या तारखेवरच अडकलो होतो. बुधवार होता तो. त्या बुधवारी मी बायकोच्या भावाचं सामान हलवायला मदत करत होतो. जिन्यात, खांद्यावर गुंडाळलेली गादी, आणि तेवढ्यात आत्याचा फोन आला होता. ती काय म्हणाली ते मला आत्ता शब्दन् शब्द आठवत होतं.

आत्याला मी खिडकीजवळ जाऊन सगळं सांगितलं. तिनं मधे तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "आज मी आधी काय वाचलं होतं?"

"पंचाहत्तर."

"आणि बरोबर काय?"

"पंचाहत्तर."

"त्या आधीच्या?"

मी कागदावर उतरवून आणले होते. वीस, एकशेदहा, पंचेचाळीस, एकशेसत्तर, साठ. ती प्रत्येक आकड्यावर मान हलवत होती. "पंचेचाळीस," ती म्हणाली, "हो, पंचेचाळीसच होता." मग म्हणाली, "म्हणजे आईसारखं नाही."

मला पटकन हो म्हणावंसं वाटलं. पण तिच्याशी खोटं बोलून भागत नाही, आणि पुरेसं खोटं तिच्या वाट्याला आधीच आलं होतं. "पुढचं मला माहीत नाही, आत्या. पण या पाच काचांमध्ये तुझं डोकं पाचही वेळा बरोबर होतं, आणि माझा स्क्रीन पाचही वेळा चुकीचा."

"हे सगळ्यांसमोर सांग," ती म्हणाली. "मालकिणीला एकटीला गाठून नको सांगूस. दोन महिने सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलतात तसे बोलतायत. हळू हळू. मला चहा आणून देतात."

यंत्रं बंद केली. एवढ्या वेळानं पाण्याचा आवाज थांबल्यावर खोली परकी वाटायला लागली. सहाही जण उभे होते, मालकीणबाई दाराच्या चौकटीशी. मी कोठार, नाव, दोन टॅब्लेट, सगळं सांगितलं, कुणाला न कळणारे शब्द न वापरता. चूक माझी, हेही सांगितलं. मालकीणबाईंनी आत्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं टेबल तुमचंच."

तिथे मी थांबू शकलो असतो. सगळे थांबायच्या बेतात होतेच, आणि जे उरलं होतं ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती. पण मला आत्याच्या फ्रीजवरच्या चिठ्ठ्या दिसत होत्या.

"अजून एक आहे," मी म्हणालो. "पहिली काच चुकली त्या दिवशी आत्यानं मला फोन केला होता. विचारलं होतं, स्क्रीन आपोआप बदलतो का रे? मी न बघता सांगितलं की असं होऊच शकत नाही. तुझ्याच बघण्यात काहीतरी झालं असेल, म्हणालो, आणि फोन ठेवला. परत विषयही काढला नाही."

मग तपासनीस जमिनीकडे बघत म्हणाला, "मलाही विचारलं होतं बाईंनी. त्याच आठवड्यात. मी म्हटलं, आमचं यंत्र तर बरोबर चालतंय."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांतला एक म्हणाला, "आम्हालाही." मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "मलाही. मी म्हटलं, बाई, सुट्टी घ्या चार दिवस."

मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आता ती आम्हा सगळ्यांना फाडून खाईल, आणि ते आम्ही ऐकूनही घेतलं असतं. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, एक झाला की दुसरा, हळूहळू मोजत गेल्यासारखी. मग ती स्टुलावर बसली.

"म्हणजे मी खरंच विचारलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, तेही माझ्या मनानंच घेतलं असेल."